भोगवटादार : बंद

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी पावसाने जराशी उघडीप दिली म्हणून घरपट्टी भरायला ग्रामपंचायतीत गेलो. पाच दिवसांचा आमचा गणपती. त्यातले पहिले दोन भजनांत आणि पाहुण्यांत जातात, उरलेल्यांत ही असली कामं उरकायची : घरपट्टी, पाणीपट्टी, सातबाऱ्याचा एखादा उतारा, कौलं शाकारायला येतो म्हणून मे महिन्यापासून न आलेला माणूस. ऑफिसात ओल्या छत्र्यांचा वास होता. टेबलापलीकडे कॉम्प्युटरसमोर पंचविशीची एक मुलगी बसली होती. तिने मला काका म्हटलं आणि मी ते मुकाट्याने घेतलं. तिने नमुना ८ चं रजिस्टर ओढलं, थुंकी न लावता पानं उलटली (पिढी बदलल्याची ही खरी खूण), आणि आमच्या घराच्या ओळीवर बोट ठेवलं. मालकाच्या रकान्यात आजोबांचं नाव, पुढे ‘व इतर’. शेजारचा रकाना भोगवटादाराचा, म्हणजे प्रत्यक्ष राहतो त्याचा. तिथे पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता : बंद.

मी तो उलट्या बाजूने वाचला, म्हणून कदाचित जास्त लागला असेल. म्हटलं, अगं, बंद कसं? चतुर्थीक येतो, मे महिन्यात येतो, जमला तर शिमग्याक येतो. तिने पावती फाडता फाडता अगदी समजुतीच्या सुरात सांगितलं, “हो काका, येता ना. येता. पण राहत नाय. लाईटचं रिडिंगसुद्धा शून्यच असतं तुमचं.”

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

परत येताना पाणंदीत दोन्ही बाजूंच्या गडग्यांवर शेवाळ इतकं दाट होतं की हात लावला तर गार गादीत रुतावा. आमच्या वाडीत एकोणीस घरं. लहानपणी संध्याकाळी दिवेलागणीला या पाणंदीतून चालताना प्रत्येक खळ्यातून, म्हणजे घरापुढच्या अंगणातून, एक हाक यायची, आणि हाक एकच : “कोण रे तो?” आता गणपतीत एकोणीसच्या एकोणीस घरांत दिवे असतात, वर लुकलुकणाऱ्या माळा असतात, खळ्यांत एमएच-०५ आणि एमएच-४८ च्या गाड्या असतात. विसर्जनानंतर आठ दिवसांनी या, सात घरांत उजेड. त्या सातांत मिळून माणसं बारा, आणि बाराजणांत साठीच्या आतले तीन. हे मी कुठल्या कागदावरून सांगत नाही. शेजारच्या काकीने बोटांवर मोजून दाखवलंय.

बंद घराला एक वास असतो. तो वास काय आहे हे मला कधी नीट सांगता आलेलं नाही. ओल्या लाकडाचा, वाळवीच्या मातीचा, माळ्यावर राहिलेल्या पाकोळ्यांचा, आणि कुठल्याशा डब्यात राहून गेलेल्या सोलांचा. कुलूप काढलं की तो आधी बाहेर येतो आणि मग आपण आत जातो. बायको सगळी कवाडं उघडते, पंखा लावते, अगरबत्ती लावते. तो चौथ्या दिवशी जातो. पाचव्या दिवशी विसर्जन. सहाव्या दिवशी आम्ही.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात चाकरमान्याला दोनच प्रश्न विचारले जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे : “कधी इलंस?” आणि “कधी जातलंस?” पूर्वी मला या दुसऱ्या प्रश्नाचा राग यायचा. बॅग खाली ठेवली नाही तोच जायची तारीख काय विचारता? आता वाटतं, पंचायतीतल्या त्या मुलीसारखंच तेही रकाने भरत होते. फक्त त्यांच्याकडे पेन्सिल नव्हती.

हा जिल्हा आणि मी तसे बरोबरचेच. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला, अंतुले मुख्यमंत्री असताना. त्याआधी आमच्याकडच्या माणसाला कलेक्टरचं तोंड बघायचं तर एसटीने दिवस मोडून रत्नागिरी गाठावी लागे. जिल्हा झाला याचा वडिलांना आनंद झाला होता, पण पत्त्यावर ‘जिल्हा रत्नागिरी’ लिहायची सवय त्यांची पुढे कित्येक वर्षं सुटली नाही. पोस्टमनला काही फरक पडत नव्हता. सावंतवाडी, कुडाळ, मालवण, कणकवली अशी जुनी गावं एकमेकांकडे बघत राहिली आणि मुख्यालय गेलं ओरोसच्या माळावर. त्याचं नाव सिंधुदुर्गनगरी. कलेक्टर, जिल्हा परिषद, कोर्ट, एसपी, सगळं एका आवारात, आणि सोयीचं आहे हे मान्यच केलं पाहिजे. पण संध्याकाळी सहानंतर तिथे एकदा थांबून बघा. साहेब आणि क्लार्क कुडाळ-कणकवलीच्या गाड्या धरून पांगलेले असतात आणि रुंद रस्त्यांवर गुरं बसलेली असतात. जिल्ह्याची राजधानीसुद्धा येते, राहत नाही.

जिल्हा झाला त्यानंतर साडेआठ महिन्यांनी, १८ जानेवारी १९८२ ला, मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. या दोन तारखांचा आपसांत काही संबंध नाही, पण आमच्या घरात त्या एकमेकींना चिकटूनच येतात. वडील लालबागला गाववाल्यांच्या खोलीत राहत. वीस-बावीस माणसं, एका खोलीत, पाळीपाळीने झोपणारी. एकाची पाळी संपली की त्याची पथारी दुसऱ्याला. त्यातल्या कुणाला विचारलं असतं की तू कुठे राहतोस, तर त्याने गावाचं नाव सांगितलं असतं. खोली ही राहायची जागा नव्हतीच, झोपायची होती. राहणं गावात, जिथे आई, बायको, पोरं, म्हैस आणि महिन्याची मनीऑर्डर. आमच्या आजीला अक्षर येत नव्हतं, पण मनीऑर्डरच्या फॉर्मखालची ती चार बोटांची मजकुराची जागा ती पोस्टमनकडून दोनदा वाचून घ्यायची. मग संप आला आणि ती पट्टी कोरी येऊ लागली, मग फॉर्मच येईनासा झाला. वडील पुढे एका छोट्या कारखान्यात लागले. खोली सुटली, डोंबिवलीला वन रूम किचन झालं आणि आई, मी, बहीण मुंबईला गेलो. राहणं आणि झोपणं एका जागी आलं ते तेव्हा. आजी मात्र नाही आली. तिला विचारलं तर म्हणायची, “मी इलंय तर घराक कोण?”

२०११ च्या जनगणनेचा आकडा मी पाठ करून ठेवलाय, का ते माहीत नाही. सिंधुदुर्ग जिल्हा : ८,४९,६५१. त्याआधीच्या २००१ मध्ये होता ८,६८,८२५. दहा वर्षांत एकोणीस हजार एकशे चौऱ्याहत्तर माणसं कमी. सगळा देश वाढत असताना कमी होणं हे एक वेगळंच काम आहे. रत्नागिरीही त्या दशकात घटला. महाराष्ट्रात घटलेला तिसरा जिल्हा कुठला, तर मुंबई शहर! म्हणजे आम्ही जिथून निघालो तेही रिकामं होत होतं आणि जिथे आमचे बाप गेले ते लालबाग-परळही. गावातून निघालेली आणि गिरणगावातून निघालेली अशी दोन्हीकडची माणसं डोंबिवली, नालासोपारा, विरारच्या फलाटांवर भेटली, आणि ठाणे जिल्हा फुगला.

दुसरा एक आकडा मला याहून जास्त बोलका वाटतो. हजार पुरुषांमागे बायका : २००१ ला १०७९, २०११ ला १०३६. कागदावर बायका जास्त म्हणजे प्रगत जिल्हा असं कुणी भाषणात म्हणालं की आमच्याकडे लोक गालात हसतात. बायका जास्त, कारण बाप्ये मुंबईला. आणि तो आकडा खाली आला म्हणजे बाप्ये परत आले असं मला तरी वाटत नाही. बायकाही निघाल्या, एवढंच. आमच्या आईसारख्या. २०१६ साली देशातल्या स्वच्छ जिल्ह्यांत मैदानी गटात सिंधुदुर्ग पहिला आला तेव्हा काकीचा मुलगा म्हणाला होता, “घाण करूक माणसां नको?” विनोद म्हणून ठीक, पण काकी पहाटे उठून खळं झाडते तेव्हा तो चेष्टेचा विषय राहत नाही. कमी माणसांत झाडायला तेवढंच असतं आणि झाडणारे हात कमी.

आता २०२१ ची राहून गेलेली जनगणना व्हायची आहे. संदर्भाची वेळ म्हणे १ मार्च २०२७ ची मध्यरात्र. गेल्या वेळीही मोजणी फेब्रुवारीतच झाली होती. फेब्रुवारी का, तर त्या दिवसांत लोक फार हलत नाहीत, हवा बरी असते, जो तो आपल्या घरी असतो. हे वाचून मी एकटाच हसलो. जो तो आपल्या घरी! आमच्याकडे फेब्रुवारी म्हणजे गणपती होऊन पाच महिने झालेले, शिमगा अजून यायचा, मे लांब. काजूला मोहर, आंब्याला बोराएवढी फळं, आणि वाडीत बारा माणसं. शासनाला शिव्या देण्यात अर्थ नाही, कुठेतरी एक रात्र धरावीच लागते. पण समजा ती रात्र गणेश चतुर्थीची धरली असती, तर याच गावाने डोकी मोजायला आलेल्या बाईंना पळता भुई थोडी केली असती. एकेका घरात पंचवीस, पडवीत गोधड्या, माळ्यावर पोरं.

नियम साधा आहे, गणनेच्या काळात ज्याचा मुक्काम जिथे, तिथे तो मोजायचा. त्या नियमाने आमच्या वाडीत एक कुटुंब नक्की मोजलं जाईल. वरच्या आंब्याच्या बागेत राखणीला नेपाळी जोडपं असतं, मांगरात राहतं. त्यांची मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत आहे. शाळेचा पट नऊ, त्यातली एक ती. मालवणी इतकी सुरेख बोलते की माझ्या मुलाने तिच्याकडून शिकावी. बाई परभणीकडच्या, बदलीची वाट बघतायत, आणि मोजणीची ड्यूटी त्यांनाच लागणार. म्हणजे परभणीची बाई नेपाळची पोर आमच्या गावात मोजणार, आणि मी डोंबिवलीत. याचं मला वाईट वाटतं का? थोडं वाटतं. पण वाटलं की लगेच लाजही वाटते. फेब्रुवारीच्या दुपारी बागेत वानरांच्या टोळ्या शिरतात तेव्हा पत्र्याचा डबा बडवत धावते ती तिची आई. माझा डबा तेव्हा ऑफिसात उघडलेला असतो.

सरकारचं दुसरं एक रजिस्टर मात्र याच्या अगदी उलट वागतं. आमच्या सातबाऱ्यावर, नऊ गुंठ्यांच्या एका तुकड्याला, एकेचाळीस नावं आहेत. त्यातली निम्मी मेलेली. आजोबा १९७४ ला गेले, ते तिथे अजून ठणठणीत आहेत. कुणी बडोद्याला, कुणी बेळगावला, एक चुलती कुठे दिली होती तेही आता कुणाला आठवत नाही, पण तिचं नाव तिच्या माहेरच्या नावानेच सामाईकात उभं आहे. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं म्हणतात. नाव काहीही ठेवा, वारस तपासाचा अर्ज घेऊन गेलं की तो तितकाच मोठा सुस्कारा टाकतो. मला कधीकधी वाटतं, त्या एकेचाळीस जणांना एकदा बोलावून त्या नऊ गुंठ्यांत उभं करावं. उभे राहतील, पण प्रत्येकाला घर बांधायला जागा पुरायची नाही. जमीन मेलेल्यांनाही सोडत नाही आणि जनगणना जित्यांनाही धरत नाही, या दोहोंच्या मधल्या फटीत आमची चतुर्थी साजरी होते.

पंचायतीतून आलो त्या रात्री भजन होईपर्यंत पडवीत बसलो होतो आणि मला एकदम आचऱ्याची गावपळण आठवली.

माझी मावशी आचऱ्याला दिलेली. तिथे दर चार वर्षांनी गाव रिकामा करतात. चिंदरला, वायंगणीलाही ही रीत आहे. ठरल्या दिवशी घराला कुलूप लावून तीन दिवस आणि तीन रात्री सगळा गाव वेशीबाहेर. सगळा म्हणजे सगळा : म्हातारीकोतारी, बाळंतिणी, हिंदू, मुसलमान, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं. मी विशीत असताना एकदा हौसेने गेलो होतो. वेशीपलीकडच्या माळावर झावळ्यांच्या राहुट्या, प्रत्येकीसमोर तीन दगडांची चूल, रात्री थंडी पडलेली, भजनं, फुगड्या, आणि ज्या दोन घरांत गडग्यावरून वर्षानुवर्षं बोलणं बंद होतं त्यांच्या राहुट्या नेमक्या शेजारी आलेल्या. मावशीच्या सासऱ्यांनी मला दुसऱ्या दिवशी वेशीपर्यंत नेलं आणि आतला गाव दाखवला. दुपारचे बारा वाजले होते. धूर नाही, कोंबडं नाही, रहाटाचा आवाज नाही. रस्त्यावर ऊन नुसतं पडून होतं. मी म्हटलं, आबा, भीती नाही वाटत, सगळी घरं अशी सोडून? ते म्हणाले, “भियाचा कित्याक? चवथ्या दिसाक कौल घेतलो काय परत जातलंव.”

देवाला कौल लावायचा आणि तो झाला की परतायचं. नाही झाला तर एक दिवस थांबायचं. त्या तीन दिवसांत कुणी मोजायला आला असता तर त्याच्या वहीत आचऱ्याची लोकसंख्या शून्य. पण त्या शून्याचा कुणालाही घोर नव्हता, उलट सणच होता. माणसांशिवाय गाव कसा दिसतो हे बघून घ्यायची सोय कुणी, कशासाठी केली असेल? जुनी माणसं देवाच्या, भुताखेतांच्या गोष्टी सांगतात. मला त्या दुपारी फक्त एवढं कळलं होतं की रिकामा गाव आणि सोडलेला गाव यांत फरक आहे. आमच्या वाडीने कधी वेस ओलांडली, कुठला दिवस होता तो, हे कुणालाच सांगता येणार नाही. एकेक जण गेला. आणि कौल कुणी लावलाच नाही.

चौथ्या रात्री आमच्याकडे आरतीनंतर गाऱ्हाणं झालं. आता गाऱ्हाणं घालणारे भाऊ ऐंशीचे आहेत, दम लागतो. अंगणात पाऊस, दारात चपलांचा ढीग, सगळे हात जोडून उभे. भाऊंनी घसा खाकरला. “बा देवा म्हाराजा!” आम्ही म्हटलं, “होय म्हाराजा!” “आज ही सगळी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत...” “होय म्हाराजा!” मग भाऊ घरवार माणसं घेऊ लागले. जी आली ती, जी दुखण्यात आहेत ती, जिला दिवस गेलेत ती, ज्याला नोकरी नाही तो. मग आवाज किंचित चढवून : “जी कोण मुंबयक आसत, पुण्याक आसत, समुद्रापलीकडे आसत, जेंका सुट्टी गावली नाय, जी येवक पावली नाय, तेंचीव सेवा रुजू करून घे रे म्हाराजा!” “होय म्हाराजा!” माझ्या शेजारी नेपाळी राखणदाराची मुलगी होती, सगळ्यांत मोठ्याने तीच ओरडत होती.

मी त्या रात्री पहिल्यांदा नीट ऐकलं. ही मोजणीच होती. संदर्भाची रात्र ठरलेली, मोजणारा ठरलेला, घरं ठरलेली. फक्त इथे गैरहजर माणूसही धरतात. दर वर्षी या घरांतून माझं नाव न घेता मला असं कोणीतरी मोजत होतं, अगदी सलग तीन वर्षं मी आलो नव्हतो तेव्हाही. लगेच दुसराही विचार आला, आणि तो काही सुखाचा नव्हता : देवाच्या वहीत नाव आहे म्हणून दर फेब्रुवारीत गैरहजर राहायला आपल्याला बरं पडतं. भाऊ गेल्यावर गाऱ्हाणं कोण घालणार यावर जेवताना चर्चा झाली. कुणीतरी म्हणालं, मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवूया. कुणीच हसलं नाही.

सहाव्या दिवशी निघालो. बायकोने कवाडं लावली, मी देव्हाऱ्यातलं तेल पुसलं, टाकी मोकळी केली, कुलूप घातलं आणि चावी काकीकडे दिली. काकी पायरीवर बसून वालीच्या शेंगा मोडत होती. तिने एक पिशवी आधीच भरून ठेवली होती : नारळ, सोलं, खडखडे लाडू. तिला मी पंचायतीतली गोष्ट सांगितली, भोगवटादार बंद. तिला शब्द कळला नाही. मी म्हटलं, म्हणजे घरात राहतो तो. ती शेंग मोडता मोडता थांबली आणि म्हणाली, “मगे माझा नाव घालूक सांग. रोज सांजचा मीच तर तुळशीकडे दिवो लावतंय तुमच्या.” आणि पुन्हा शेंगा मोडायला लागली.

कुडाळ स्टेशनवर नेहमीची गर्दी, गोण्या, पिशव्या, रडणारी पोरं. गाडीत जागा मिळाली, कणकवली गेलं, बाहेर पूर्ण काळोख झाला. वैभववाडीच्या अलीकडे फोन वाजला. काकी.

“अरे, तुझ्या पडवीतलो लाईट पेटता हा. मेन स्विच बंद नाय केलंस?”

मी डोक्याला हात लावला. म्हटलं, काकी, चावी आहे ना तुझ्याकडे, जरा बंद कर. नाहीतर बिल येत राहील.

“येवंदे,” ती म्हणाली. “रवांदे पेटता तर.”

मी काही म्हणणार तेवढ्यात गाडी बोगद्यात शिरली आणि फोन कटला.